घराच्या आवारापुरता एफएम : माजघरापासून भाजीच्या वाफ्यापर्यंत एकच रेडिओ ऐकू यावा यासाठी काय करावे?

सांजवारा (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात राहतो. जागा पाच एकरांची आहे. घर दुमजली आणि लाकडी असून त्यावर पत्र्याचे छप्पर आहे. घरापासून साधारण ४५ मीटरवर भाजीचे वाफे आहेत आणि ८० मीटरवर जुना बार्न (कोठारासारखी मोठी शेड) आहे, ज्यात आता सुतारकामाची हत्यारे असतात. सर्वांत जवळचे शेजारी ४०० मीटरवर राहतात.

गेल्या वर्षी वडील भोर तालुक्यातून कायमचे आमच्याकडे आले. त्यांचा दिवस रेडिओवर चालतो; गोठ्यात, ओट्यावर, शेतावर, जिथे ते असतील तिथे रेडिओ लागलेला असे. येथे आकाशवाणीची पुणे आणि मुंबईची अस्मिता वाहिनी इंटरनेटवरून ऐकता येते, पण मातीने भरलेल्या हातांनी फोनच्या पडद्यावर बोट फिरवणे त्यांना जमत नाही, आणि खरे सांगायचे तर ते त्यांना पटतही नाही. त्यांनी येताना आपला सेलवर चालणारा, गोल बटण फिरवण्याचा संच बरोबर आणला आहे. तो लावला की पुणे लागले पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

म्हणून मी एक लहान एफएम ट्रान्समीटर ऑनलाइन मागवला आणि तळमजल्यावरच्या अभ्यासिकेत जुन्या लॅपटॉपला जोडला. स्वयंपाकघरात आवाज उत्तम येतो, वाफ्यांजवळ निम्मी खरखर ऐकू येते आणि बार्नमध्ये काहीच लागत नाही. शिवाय वडिलांच्या संचावर आवाज कर्कश वाटतो, तर आमच्या येथील रेडिओवर तोच आवाज ठीक वाटतो, याचे कारण मला समजलेले नाही. काही मित्रांनी अर्ध्या वॉटचा किंवा ७ वॉटचा ट्रान्समीटर घेण्याचा सल्ला दिला. तो घ्यावा का, की दुसरा काही मार्ग आहे?

चार_सेल

बार्नमध्ये एक जुना फोन आणि ब्लूटूथ स्पीकर कायमचा लावून ठेवला तर हा सगळा खटाटोप टळेल, असे वाटते.

सांजवारा

बार्नपुरते ते चालेल. पण वडील संच हातात घेऊन फिरतात, आणि फोनवरचे प्रसारण मध्येच थांबले की ते पुन्हा सुरू करायला मला कामावरून घरी येईपर्यंत वाट पाहावी लागते. बटण फिरवून आपले आपण लावता येणे हाच येथे मुख्य मुद्दा आहे.

जुनी_लहर

मी आकाशवाणीच्या अभियांत्रिकी विभागातून निवृत्त झालो आहे. त्यामुळे मला किलोवॉटमध्ये विचार करण्याची सवय आहे आणि आपला प्रश्न नॅनोवॉटचा आहे. तरी भौतिकशास्त्र दोन्हीकडे सारखेच असल्याने उत्तर देण्याचे धाडस करतो.

अर्ध्या वॉटचा ट्रान्समीटर घेऊ नका. अमेरिकेचा नियम वॉट मोजत नाही, तो क्षेत्रतीव्रता, म्हणजे ठरावीक अंतरावर लहर किती जोरदार पोचते ते मोजतो, आणि गोंधळाचे मूळ येथेच आहे. एफसीसी ही अमेरिकेची दळणवळण नियामक संस्था आहे. तिच्या नियमांच्या पार्ट १५ मधील कलम १५.२३९ नुसार ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय चालवलेल्या उपकरणापासून ३ मीटरवर क्षेत्रतीव्रता २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. सर्व दिशांना सारखी पसरणारी शक्ती धरून हिशेब केला, तर ही मर्यादा सुमारे १९ नॅनोवॉट होते. म्हणजे अर्ध्या वॉटचा ट्रान्समीटर या मर्यादेच्या दोन कोटी पटींहून अधिक आहे. त्यावर कोणी कसलाही शिक्का मारून विकला, तरी तो आपल्या आवारात कायदेशीर होत नाही.

आता ही मर्यादा किती लहान आहे ते दुसऱ्या बाजूने पाहा. नेहमीच्या एफएम केंद्राच्या सेवाक्षेत्राची कड साधारणपणे १ मिलिव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे १००० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर या पातळीवर आखली जाते. आपल्याला ट्रान्समीटरपासून अवघ्या ३ मीटरवर त्याच्या चौथ्या हिश्शाएवढीच परवानगी आहे. मोकळ्या जागेत क्षेत्रतीव्रता अंतराच्या प्रमाणात घटते, म्हणून ३० मीटरवर २५, आपल्या वाफ्यांजवळ ४५ मीटरवर सुमारे १७ आणि बार्नमध्ये ८० मीटरवर ९ मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या आसपास उरते. एफसीसी स्वतःही या मर्यादेचा उपयुक्त पल्ला सुमारे २०० फूट, म्हणजे ६१ मीटर सांगते. तेव्हा आपला ट्रान्समीटर बिघडलेला नाही. तो नियमात राहून जे करू शकतो तेच करत आहे.

पल्ला दुप्पट करण्यासाठी शक्ती चौपट लागते, हे आपल्या मित्रांनी बरोबर ओळखले असेल. पण शक्तीला हात न लावता करण्यासारख्या बऱ्याच गोष्टी आहेत. त्यांतली पहिली उंचीची. ट्रान्समीटर आणि संच दोन्ही जमिनीजवळ असले की थेट आलेली लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना खोडू लागतात, आणि काही अंतरानंतर क्षेत्रतीव्रता अंतराच्या नव्हे, तर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घसरते. त्या पट्ट्यात ट्रान्समीटरची उंची दुप्पट केली, तर क्षेत्रतीव्रताही साधारण दुप्पट होते. वाफे आणि बार्न ज्या बाजूला आहेत, त्या बाजूच्या वरच्या मजल्यावरील खिडकीजवळ तो ठेवून पाहा. माळ्यावर मात्र ठेवू नका, कारण पत्र्याच्या अगदी खाली अँटेना नीट काम करत नाही. भिंतींत फॉइल लावलेले इन्सुलेशन असेल किंवा खिडकीच्या काचेवर धातूचा पातळ थर असेल, तर त्यातूनही सिग्नल बराच कमी होतो, म्हणून दोन-तीन खिडक्यांवर प्रयोग करावा लागेल.

दुसरी गोष्ट, ट्रान्समीटरवर मोनोची सोय असेल तर मोनो ठेवा. स्टिरिओमध्ये डाव्या-उजव्या आवाजातील फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर (मुख्य लहरीसोबत पाठवलेल्या दुय्यम लहरीवर) चढवलेला असतो आणि कमकुवत सिग्नलवर खरखर त्याच भागात शिरते. मोनोच्या तुलनेत सुमारे २० डेसिबलची हानी होते. वडिलांच्या संचाला एकच स्पीकर असेल, तर त्यांना स्टिरिओने काहीच मिळत नाही. मात्र घरातल्या स्टिरिओ संचांवरची खरखर मोनोने लगेच कमी होईल.

कर्कश आवाजाचे कारण बहुधा असे आहे. एफएममध्ये उंच पट्टीचे स्वर प्रक्षेपणापूर्वी मुद्दाम वाढवतात आणि रेडिओत ते तेवढेच खाली आणतात, ज्यामुळे खरखर दबते. या वाढीचा काल-स्थिरांक अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद आहे, तर भारतात आणि युरोपात ५० आहे. आपला ट्रान्समीटर अमेरिकेच्या मानाने स्वर वाढवतो, वडिलांचा भारतीय संच त्यांना त्याहून कमी खाली आणतो, म्हणून आवाज टोचतो. ट्रान्समीटरमध्ये ५० चा पर्याय असेल तर तो निवडा; त्यामुळे येथील रेडिओवर आवाज किंचित मंद वाटेल, पण ऐकणारे वडील आहेत.

हडसनकाठ

जुनी_लहर यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मी याच राज्यात गेली काही वर्षे असाच उद्योग करतो, म्हणून वारंवारतेबद्दल थोडे लिहितो, कारण पुष्कळ लोक येथेच चुकतात.

गाडीत लावायच्या अनेक छोट्या ट्रान्समीटरवर ८७.७ आणि ८७.९ हे आकडे येतात आणि तेथे कोणी नसल्याने लोक तेच निवडतात. पण कलम १५.२३९ फक्त ८८ ते १०८ पुरते आहे आणि आपला २०० किलोहर्ट्झचा पूर्ण पट्टा त्याच्या आत बसावा लागतो, म्हणून सर्वांत खालची जागा ८८.१ ही येते. अमेरिकेत एफएम केंद्रे विषम दशांशांवर असतात, ८८.१, ८८.३ अशी १०७.९ पर्यंत. जिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या आहेत, अशी जागा शोधा. त्यासाठी घरातला संच नव्हे, गाडीचा रेडिओ वापरा, कारण तो अधिक संवेदनशील असतो आणि गाडी वाफ्यांजवळ नेऊन उभी करता येते. दुपारी, रात्री आणि पहाटे असे तीनदा ऐका. उन्हाळ्यात पहाटे उष्ण हवेचा थर वर आणि थंड हवा खाली असा उलटा क्रम लागला, की दोन-अडीचशे किलोमीटरवरची केंद्रे अचानक आपल्या रिकाम्या जागेत येऊन बसतात, आणि १९ नॅनोवॉट त्यांच्यापुढे टिकत नाहीत. तेव्हा तक्रार करण्याचा हक्कही आपल्याला नाही : पार्ट १५ ची अटच अशी आहे की आपण कोणाला व्यत्यय आणायचा नाही आणि दुसऱ्याचा व्यत्यय मुकाट्याने सहन करायचा.

रिकामी दिसणारी जागा कोणाच्या तरी दूरच्या आवडत्या केंद्राची असू शकते, हेही लक्षात ठेवा. आमच्या शेजारच्या आजींना टेकडीपलीकडचे एक धार्मिक केंद्र जेमतेम लागत असे. मी त्याच्या शेजारची जागा घेतली होती, ती त्यांना विचारून बदलली.

वाटसरू_७

इतके घाबरण्याचे कारण नाही. मी मध्य-पश्चिमेत चाळीस एकरांवर राहतो आणि गेली चार वर्षे १ वॉटचा ट्रान्समीटर वापरतो. अर्ध्या मैलावर माणूस नाही. कोणाचे काय बिघडले?

जुनी_लहर

वाटसरू, आपल्या प्रश्नाला सभ्य उत्तर द्यायचे तर ते दोन भागांत द्यावे लागेल.

आपला १ वॉट मर्यादेच्या सुमारे पाच कोटी पट आहे, आणि उघड्या रानात तो अर्ध्या मैलावर थांबत नाही. चांगली अँटेना असेल तर काही किलोमीटर जातो. पण मला त्या मुख्य सिग्नलपेक्षा त्याच्याबरोबर निघणाऱ्या उपद्रवी सिग्नलांची अधिक काळजी वाटते. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि नेमका तेथूनच विमानांचा पट्टा सुरू होतो : आधी धावपट्टीकडे व दिशेकडे नेणाऱ्या यंत्रणा, नंतर १३७ पर्यंत वैमानिकांचे बोलणे. स्वस्त ट्रान्समीटरमध्ये गाळणी नीट नसते आणि तो कोठे काय सोडतो आहे हे वापरणाऱ्याला ऐकू येत नाही, कारण त्याच्या रेडिओवर तर गाणे स्वच्छ चाललेले असते. जमिनीवर अर्ध्या मैलात माणूस नसला, तरी वरून विमान जाते आणि त्याला आपल्यापर्यंत थेट दृष्टिरेषा असते, मध्ये ना टेकडी ना झाड.

दुसरा भाग हडसनकाठ अधिक नीट सांगतील.

हडसनकाठ

जानेवारी २०२० मध्ये बेकायदा प्रक्षेपणाविरुद्धचा पायरेट कायदा झाला. त्यात दंडाची कमाल मर्यादा दिवसाला १ लाख डॉलर आणि एकूण २० लाख डॉलर अशी ठेवली गेली, आणि ती महागाईनुसार वाढत जाते. प्रत्येकाला एवढा दंड होतो असे नाही, बहुतेकांना आधी नोटीस येते. पण दिशा शोधणारी गाडी घेऊन फिरणाऱ्या अधिकाऱ्यांना १ वॉट शोधायला अर्धा दिवसही लागत नाही.

अधिक शक्ती हवीच असेल, तर एलपीएफएम (लो पॉवर एफएम) नावाचा परवाना २००० सालापासून आहे. त्यात १०० वॉटपर्यंत शक्ती मिळते आणि सेवाक्षेत्राची त्रिज्या सुमारे ५.६ किलोमीटर धरतात. मात्र तो ना-नफा संस्थांनाच मिळतो, व्यक्तीला नाही, आणि अर्जही एफसीसी जाहीर करील त्याच मुदतीत घेतले जातात. एका वडिलांसाठी एवढे करणे म्हणजे चहासाठी मळा विकत घेण्यासारखे होईल.

स्वतः बांधणाऱ्यांसाठी एक कलम उपयोगी आहे. १५.२३ नुसार घरी स्वतःसाठी बांधलेली, विक्रीसाठी नसलेली आणि तयार किटपासून न जुळवलेली पाचपर्यंत उपकरणे प्रमाणपत्राशिवाय चालतात. परंतु मर्यादा पाळण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावरच राहते. तयार ट्रान्समीटर घेतला असेल, तर मात्र त्याची मूळ अँटेना काढून मोठी लावू नका, कारण त्याचे प्रमाणपत्र त्याच अँटेनासह दिलेले असते.

बिनतारी_बाळ

रास्पबेरी पाय संगणकाच्या पिनेला तार जोडली की तो स्वतःच एफएम प्रक्षेपित करतो, असे मी वाचले आहे. ते स्वस्तात होईल का?

जुनी_लहर

स्वस्त नक्कीच होईल, पण त्या पिनेतून निघणारी लहर चौकोनी असते आणि चौकोनी लहरीत विषम पटीतल्या लहरी ठासून भरलेल्या असतात. ९८ मेगाहर्ट्झवर लावले तर २९४ मेगाहर्ट्झवरही सिग्नल जातो, आणि तो पट्टा लष्करी विमानांच्या वापरात आहे. रास्पबेरी पायला एफएम ट्रान्समीटरची स्वतंत्र चिप जोडली तर गोष्ट वेगळी. एसआय ४७१३ ही चिप यासाठीच बनवलेली आहे, तिची वारंवारता क्रिस्टलवर स्थिर राहते आणि तिला ५० किंवा ७५ मायक्रोसेकंदही सांगता येतात.

क्षेत्रतीव्रता घरी अचूक मोजणे अवघड आहे, तरी एक सोपी तुलना करता येते. संगणकाला जोडायचा आरटीएल-एसडीआर हा स्वस्त रेडिओ रिसीव्हर घ्या, प्रमाणित ट्रान्समीटर त्यापासून ठरावीक अंतरावर ठेवून पातळी पाहा, आणि मग त्याच जागी आपला ठेवून तुलना करा. आपला वरचढ दिसला, तर तो मर्यादेबाहेर असल्याची शंका घ्यावी. त्याच रिसीव्हरवर दुप्पट आणि तिप्पट वारंवारतेवर काही दिसते का, हेही कळते.

गोठ्यावरचा

मी संगमेश्वर तालुक्यातून लिहितो आहे. दीड एकराची वाडी आहे, खाली आगर, वर घर. हे सगळे वाचून मलाही हुरूप आला आहे. येथे असा छोटा ट्रान्समीटर लावला तर चालेल का? आगरातल्या गड्यांना दिवसभर गाणी ऐकता येतील.

जुनी_लहर

अमेरिकेतला नियम येथे लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे बिनतारी यंत्रे परवान्याच्या चौकटीत येतात. १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तारयंत्र अधिनियम हा त्याचा जुना पाया होता, आणि आता २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरींचा हा अवकाश सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले. त्याचा अर्थ लोकांनी फार वेळा असा लावला की आता कोणीही प्रक्षेपण करावे. न्यायालयाने तसे म्हटलेले नाही. सार्वजनिक मालमत्तेचे नियमन सार्वजनिक हितासाठी व्हावे, असे म्हटले आहे.

बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूरचा राघव महतो आपल्याला आठवत असेल. दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून त्याने स्वतः बनवलेल्या ट्रान्समीटरवर गावासाठी एफएम केंद्र चालवले, बांबूवर अँटेना लावली, गाणी आणि गावच्या सूचना ऐकवल्या, आणि पंचक्रोशीचा तो लाडका झाला. २००६ मध्ये परवाना नसल्याने ते केंद्र बंद करावे लागले. एक अभियंता म्हणून मला त्याच्या हातातील कसबाचे कौतुक आहे, आणि तरीही केंद्र बंद झाले ते नियमाने योग्यच झाले, हे म्हणताना मला आजही बरे वाटत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस सामुदायिक रेडिओचे धोरण स्वयंसेवी संस्थांसाठी खुले झाले. त्यात १०० वॉटपर्यंत शक्ती आणि ३० मीटरपर्यंत अँटेनाची उंची मिळते, पण अर्ज करणारी संस्था हवी, व्यक्ती नव्हे. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून ९०.४ मेगाहर्ट्झवर चालते. कधी त्या बाजूला गेलात तर दुष्काळी माणच्या बोलीतले कार्यक्रम मुद्दाम ऐका.

आपल्या आगरासाठी बिनतारीचा मोह सोडून तार वापरा. देवळांतील आणि शाळांतील भोंग्यांना जी १०० व्होल्ट लाइन लावतात, तीच येथे उत्तम आहे. नेहमीच्या ८ ओहम स्पीकरला १० वॉट पोचवायचे तर तारेतून एक अँपिअरहून जास्त प्रवाह जातो आणि लांब तारेत आवाज विरतो. १०० व्होल्टच्या लाइनवर तेच १० वॉट ०.१ अँपिअरमध्ये जातात. प्रत्येक स्पीकरमागे छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा, बारीक तार माडामाडावरून न्यायची, आणि पावसाळ्यात जोड कोरडे राहतील एवढे पाहायचे. गड्यांना दिवसभर गाणी ऐकायची आहेत की नाहीत, हे मात्र आधी त्यांना विचारा.

गोठ्यावरचा

विचारले. त्यांना क्रिकेटचे समालोचन हवे आहे. तारेचा अंदाज काढायला घेतला आहे.

पायवाट_वेल्स

तुलनेसाठी लिहिते. आम्ही वेल्समधील खेड्यात राहतो. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००६ पर्यंत असे छोटे एफएम ट्रान्समीटर वापरणे बेकायदा होते. त्यानंतर ५० नॅनोवॉटपर्यंत परिणामी प्रसारित शक्ती (अँटेनाचा परिणाम धरून बाहेर पडणारी शक्ती) असलेल्या प्रमाणित उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. माझ्याकडचा ट्रान्समीटर माजघर, अंगण आणि कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत पुरतो, त्यापलीकडे नाही. घराच्या भिंती दीड हात जाडीच्या दगडी आहेत, हेही त्याचे कारण असेल.

जुनी_लहर

ताई, हिशेब केला तर आपले ५० नॅनोवॉट ३ मीटरवर सुमारे ५२० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर देतात, म्हणजे अमेरिकेच्या मर्यादेच्या दुपटीहून थोडे जास्त. त्या दुपटीला आपल्या भिंतींनी खाल्ले, असे म्हणावे लागेल.

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. मोठा ट्रान्समीटर घेण्याचा विचार सोडून दिला आहे. गेल्या दोन आठवड्यांत जे केले त्याचा वृत्तान्त देतो.

ट्रान्समीटर तळमजल्यावरून वरच्या मजल्यावरील पूर्वेच्या खिडकीत नेला. पहिल्या खिडकीत फरकच पडला नाही. ती नवी, दुहेरी काचेची आहे. शेजारच्या जुन्या, एका काचेच्या खिडकीत ठेवताच वाफ्यांजवळ आवाज ओळखण्याइतका नव्हे, बसून ऐकण्याइतका स्पष्ट झाला. मोनो केल्यावर घरातल्या संचांवरची उरलेली खरखरही जवळजवळ गेली. ५० मायक्रोसेकंदांचा पर्याय सूचनापुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सापडला, तो निवडल्यावर वडील एवढेच म्हणाले, "आता निवेदिका माणसासारखी बोलते."

वारंवारता आधी ८८.३ होती, ती गाडीत बसून तीन वेळा ऐकल्यावर बदलली. पहाटे साडेपाचला तेथे खरोखरच कोणीतरी फ्रेंचमध्ये हवामान सांगत होते.

वाफ्यांच्या एका कोपऱ्यात मात्र आवाज अचानक नाहीसा होतो आणि हातभर सरकले की परत येतो. हे काय आहे?

जुनी_लहर

तेथे थेट लहर आणि बार्नच्या किंवा पत्र्याच्या भिंतीवरून परतलेली लहर एकमेकींना छेद देत असाव्यात. ९८ मेगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी सुमारे ३ मीटर असते आणि अशा आंधळ्या जागा एकमेकींपासून साधारण दीड मीटरवर येतात, म्हणून संच पाऊण मीटर सरकवला की आपण खड्ड्यातून उंचवट्यावर येतो. वडिलांना संच ठेवायला तेथे एक खुंटी ठोकून द्या, योग्य जागी. संचाची अँटेना ट्रान्समीटरच्या अँटेनासारखीच उभी ठेवायला सांगा, आडवी नको.

बार्नसाठी एक गोष्ट लक्षात घ्या : कायद्याने प्रक्षेपणावर मर्यादा घातली आहे, ग्रहणावर घातलेली नाही. बार्नच्या छताबाहेर घराकडे तोंड करून तीन दांड्यांची एफएम यागी अँटेना लावली आणि तिची केबल आत एका चांगल्या संचाला दिली, तर ८० मीटरवरचा सिग्नल पुरेसा होईल. साधी पट्टीच्या तारेची, सुमारे १.४५ मीटर लांबीची द्विध्रुवी अँटेना खिडकीत टांगली तरी फरक दिसेल.

हडसनकाठ

एएमचा, म्हणजे मध्यम लहरींचा, विचार केलात का? कलम १५.२१९ नुसार ५१० ते १७०५ किलोहर्ट्झमध्ये अंतिम टप्प्याला १०० मिलिवॉट आणि जमिनीच्या तारेसह ३ मीटरपर्यंत अँटेना चालते. चांगली अर्थिंग मिळाली तर दिवसा पल्ला एफएमच्या कितीतरी पट जास्त असतो. रात्री मात्र दूरची केंद्रे येऊन सगळे झाकून टाकतात.

सांजवारा

विचार केला होता. वडिलांच्या संचावर मध्यम लहर आहे आणि काटा फिरवण्याचा असल्याने भारतातल्या ९ आणि येथील १० किलोहर्ट्झच्या टप्प्यांचा प्रश्नही येत नाही. पण बार्नमधील एलईडी दिव्यांमुळे त्या पट्ट्यावर एवढी घरघर येते की निवेदन समजत नाही, म्हणून एफएमवरच राहिलो.

यागीही लावून पाहिली. ती चालते, पण वडील संच घेऊन आत-बाहेर करतात आणि यागीची केबल एकाच संचाला बांधून ठेवते. शेवटी बार्नपर्यंत जमिनीखालून इथरनेटची केबल नेली, ती १०० मीटरच्या मर्यादेत बसते, आणि तेथे दुसरा प्रमाणित ट्रान्समीटर वेगळ्या वारंवारतेवर लावला. दोघेही स्वतंत्रपणे मर्यादेत आहेत. वडिलांच्या संचाच्या काचेवर सुनेने नखरंगाचे दोन ठिपके दिले आहेत : लाल म्हणजे घर, हिरवा म्हणजे बार्न. वाफ्यांजवळ दोन्ही लागतात.

एक जास्तीची गोष्टही झाली, जी मूळ प्रश्नात नव्हती. पुण्याची सकाळ म्हणजे आमची आदली संध्याकाळ. सकाळचे भक्तिसंगीत रात्री साडेआठला लागत असे, आणि वडील ते ऐकत, पण नाखुशीने. म्हणून लॅपटॉप आता प्रसारण सतत साठवतो आणि साडेनऊ तासांनी सोडतो. ६४ किलोबिटने चोवीस तासांचे सुमारे ६९० मेगाबाइट होतात, जुन्या लॅपटॉपलाही ते जड नाही. पुण्यात सहाला लागलेले आमच्याकडे सहाला लागते. बातम्या शिळ्या असतात, हे मी वडिलांना सांगितले. त्यावर ते म्हणाले की गावाकडे वर्तमानपत्रही दुपारच्या एसटीनेच येत असे.

बिनतारी_बाळ

हिवाळ्यात घड्याळ बदलेल तेव्हा?

सांजवारा

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी साडेनऊचे साडेदहा तास करायचे आहेत. त्या दिवशी एक तासाची पोकळी पडेल. तेवढ्यापुरती वडिलांनी त्यांच्या आवडीची जुनी ध्वनिमुद्रणे काढून ठेवायला सांगितली आहेत.